वेंडेल स्कॉट : एका विजयाचे ओझे

वेंडेल स्कॉट या अमेरिकन शर्यतपटूविषयी जे काही लिहिले जाते, त्याची सुरुवात बहुधा एकाच दिवसापासून होते. तो दिवस १ डिसेंबर १९६३ चा आणि स्थळ फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा मातीचा मार्ग, २०० फेऱ्या, एकूण अंतर १०० मैल. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या उरलेल्या असताना स्कॉटने रिचर्ड पेटीच्या दुखावलेल्या गाडीला मागे टाकले आणि तो आघाडीवर आला. मात्र चौकड्यांचा झेंडा त्याला दाखवण्यात आला नाही. तो दाखवला गेला बक बेकरला. बेकरने चषक घेतला, छायाचित्रे काढून घेतली आणि तो घरी गेला. प्रेक्षक पांगल्यानंतर, काही तासांनी, अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा तपासले आणि मान्य केले की शर्यत स्कॉटने जिंकली आहे. तीही थोडीथोडकी नव्हे, दोन फेऱ्यांच्या फरकाने. बक्षिसाची रक्कम त्याला मिळाली. चषक मिळाला नाही. स्कॉट कृष्णवर्णीय होता, बेकर गोरा. आणि विजेत्याचे कौतुक करायला सौंदर्यसम्राज्ञी उभी होती. गोऱ्या मुलीने कृष्णवर्णीयाच्या गालाचे चुंबन घेतल्याचे दृश्य टाळण्यासाठीच हा घोळ घालण्यात आला, अशी स्कॉटची आयुष्यभर धारणा होती.

ही कथा खरी आहे, आणि संतापजनक आहे. तरीही या कथेने स्कॉटच्या आयुष्यावर दुसरा अन्याय केला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नॅस्कार या संघटनेच्या सर्वोच्च श्रेणीत, जिला त्या काळी ग्रँड नॅशनल म्हणत, स्कॉट ४९५ शर्यती धावला. त्यांपैकी एक जिंकला. उरलेल्या ४९४ शर्यतींचे काय करायचे हा प्रश्न त्याच्या चरित्राच्या वाचकाला पडायला हवा, आणि तो सहसा पडत नाही. चरित्रे वाचताना, आणि वर्गात शिकवतानाही, आपण ज्या सवयीने 'कळसाचा क्षण' शोधतो, त्या सवयीला ही कथा आयती सापडली आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. 'स्टॉक कार' म्हणजे दुकानातून विकत मिळते तशी, निदान दिसायला तशी, मोटारगाडी. खास शर्यतीसाठी बांधलेल्या नाजूक, उघड्या चाकांच्या गाड्यांपेक्षा हा प्रकार वेगळा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा खेळ वाढला आणि त्याच्या मुळाशी हातभट्टीची दारू होती, हे आता कोणी लपवत नाही. डोंगराळ भागात गाळलेली दारू रात्रीत शहरापर्यंत पोहोचवायची, तर वरून साधी दिसणारी आणि आतून बेफाम पळणारी गाडी हवी. ती वळणावळणाच्या रस्त्यावर दिवे विझवून हाकणारा हातही हवा. अशा गाड्यांच्या आणि हातांच्या आपसातल्या पैजांतून शर्यती उभ्या राहिल्या. डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्स याने डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक घेऊन या पसाऱ्याला एका संघटनेत बांधायचे ठरवले. १९४८ मध्ये नॅस्कारची नोंदणी झाली. १९४९ च्या जूनमध्ये शार्लट येथे या नव्या श्रेणीची पहिली शर्यत झाली. तिच्यात पहिला आलेला ग्लेन डनवे पुढे बाद ठरवण्यात आला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. तो बदल दारूच्या ओझ्यासाठी केलेला होता! या श्रेणीचा पहिलाच निकाल असा नंतरच्या तपासणीत फिरवलेला आहे, हे जॅक्सनव्हिलच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. डॅनव्हिल हे कापडगिरण्यांचे आणि तंबाखूचे गाव. १८६५ च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस, दक्षिणेच्या संघराज्याचे सरकार रिचमंडहून पळाले ते काही दिवस येथे थांबले, आणि त्या संघराज्याची अखेरची राजधानी म्हणून हे गाव पुढे अभिमानाने ओळख सांगत राहिले. अशा गावात स्कॉट वाढला. वडील मोटारी चालवत आणि दुरुस्त करत. मुलाने ती विद्या त्यांच्याकडून उचलली. शाळा अर्धवट सोडून तो टॅक्सी चालवू लागला. १९४३ मध्ये लग्न झाले. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात गेला तो कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या तुकड्यांच्या अमेरिकन सैन्यातून. परत आल्यावर गॅरेज काढले, आणि गॅरेजच्या उत्पन्नाला जोड म्हणून रात्रीची दारूची वाहतूक सुरू केली. पोलिसांच्या हाती तो एकदाच लागला, १९४९ मध्ये. शिक्षा झाली तीन वर्षांच्या देखरेखीची.

शर्यतीत तो कसा आला, हा प्रसंग मात्र नीट थांबून पाहण्याजोगा आहे. १९५२ चा मे महिना. डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर होणाऱ्या शर्यतींना गर्दी जमत नव्हती. आयोजकांना कल्पना सुचली की एखादा कृष्णवर्णीय चालक उतरवला तर लोक गंमत पाहायला येतील. असा चालक कोण, हे विचारायला ते पोलिसांकडे गेले. पोलिसांनी ज्याचा पाठलाग करून करून हात टेकले होते, त्याचे नाव सांगितले. तोवर स्कॉट या शर्यती कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या बाकांवर बसून पाहत असे.

या प्रसंगात तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. आयोजकांना हवा आहे तमाशा. पोलीस जे देत आहेत ते गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र आहे, पण ते गुन्हेगारीच्या नोंदवहीतून आलेले. आणि ज्याला बोलावले आहे त्याला दोन्ही ठाऊक असून तो जातो, कारण त्याला गाडी चालवायची आहे. २३ मे १९५२ ला तो पहिल्यांदा धावला, प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो उडवली, गाडी फारशी वेगवान नव्हती. नंतर नॅस्कारच्या एका शर्यतीसाठी तो विन्स्टन-सालेमला गेला, तर त्याला परत पाठवण्यात आले. तो छोट्या, असंघटित शर्यतींकडे वळला, आणि कारकिर्दीच्या बाराव्या दिवशी लिंचबर्गला त्याने एक लहानशी शर्यत जिंकलीही. पुढे रिचमंडच्या एका शर्यतीत माइक पोस्टन नावाच्या अर्धवेळ कारभाऱ्याने त्याला नॅस्कारचा परवाना दिला. पोस्टनला तो अधिकार होता. वरिष्ठांना ते रुचले नाही. म्हणजे ज्या दरवाजाला 'रंगभेदाचा अडसर' असे भारदस्त नाव आपण देतो, तो एका किरकोळ माणसाने, किरकोळ अधिकार वापरून, एका संध्याकाळी ढकलला. इतिहासाच्या पुस्तकांत अशा माणसांना सहसा जागा नसते.

(एक दुरुस्ती येथे करून ठेवतो. स्कॉटला 'पहिला' म्हणण्याची प्रथा आहे. ग्रँड नॅशनलमध्ये त्याच्या आधी १९५५ मध्ये एलायस बोवी आणि १९५६ मध्ये चार्ली स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक प्रत्येकी एका शर्यतीत धावले होते. वेंडेल स्कॉटचे वेगळेपण टिकून राहण्यात आहे, आणि टिकून राहणाऱ्यासाठी पदवी तयार करणे पहिल्यासाठी तयार करण्याइतके सोपे नसते.)

आता त्याच काळातल्या दुसऱ्या एका माणसाकडे वळू, कारण त्याच्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. ज्युनियर जॉन्सन, जन्म १९३१, नॉर्थ कॅरोलायनातील विल्क्स परगणा. वडिलांची भट्टी, मुलाची वाहतूक. रस्त्यावर तो कधीच सापडला नाही. सापडला तो १९५६ मध्ये भट्टीवर, पायी. ओहायोच्या तुरुंगात अकरा महिने काढून तो परतला, १९६० ची डेटोना ५०० जिंकला, आणि पुढच्या गाडीच्या मागे तिच्या हवेच्या ओढीत राहून आपल्या गाडीची ताकद वाढवण्याची युक्ती त्याच्या नावावर लागली. एकूण ५० विजय. १९६५ च्या मार्चमध्ये टॉम वुल्फ याने 'एस्क्वायर' मासिकात त्याच्यावर दीर्घ लेख लिहिला आणि शीर्षकातच त्याला 'अखेरचा अमेरिकन नायक' ठरवून टाकले. 'न्यू जर्नालिझम' शिकवताना आजही हा लेख घेतात, आणि घ्यावा असाच तो आहे. वुल्फ स्वतः व्हर्जिनियाचा, येल विद्यापीठाचा अमेरिकाविषयक अभ्यासातला डॉक्टर. पण त्याने विद्यापीठाची भाषा सोडून शर्यतीच्या आवाजाची भाषा कमावली. रविवारी सकाळी शर्यतीच्या मैदानाकडे निघालेल्या रंगीबेरंगी गाड्यांच्या रांगेपासून तो सुरुवात करतो आणि वाचकाला त्या रांगेत अडकवून ठेवतो. दक्षिणेतल्या साध्या गोऱ्या माणसासाठी 'गुड ओल्ड बॉय' हा शब्दप्रयोग देशभर झाला त्याचे श्रेयही बरेचसे या लेखाला जाते.

तीच दारू, तेच विझवलेले दिवे, तेच अबकारी पोलीस. मग एक माणूस लोककथेत गेला आणि दुसरा आकडेवारीत राहिला, असे का झाले? वर्णद्वेष हे उत्तर खरे आहे, पण ते इतक्या झटकन देता येते की पुढे विचार करायचे कारणच उरत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने जरा पुढे जाऊन पाहावे, नायक कशाचा बनतो? वुल्फचा जॉन्सन एकटा नाही. त्याच्यामागे सगळा परगणा उभा आहे. त्याचा कायदेभंग हा त्याच्या लोकांचा कायदेभंग आहे; सरकारी कराविरुद्ध डोंगरातल्या शेतकऱ्यांचे जुने भांडण तो गाडीत बसून पुढे चालवतो. म्हणून त्याचा तुरुंगवास डाग न ठरता अलंकार ठरतो. (पुढे १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफीही दिली.) महाकाव्यातल्या वीराला जे लागते ते त्याच्याकडे आहे: कूळ, भूमी आणि ऐकणारी सभा.

स्कॉटच्या कायदेभंगाला असा अर्थ मिळण्याची सोय नव्हती. त्याच समाजाने तोच गुन्हा एका अंगावर शौर्य म्हणून वाचला आणि दुसऱ्या अंगावर वाचलाच नाही. त्याला प्रेक्षक मिळाले नाहीत असे मात्र नाही. गोऱ्या प्रेक्षकांतही त्याचे चाहते होते, गोऱ्या चालकांत मदत करणारे मित्र होते. जॅक्सनव्हिलला त्याने जी शेव्हरोले चालवली ती त्याने नेड जॅरेटकडून विकत घेतलेली होती, आणि जॅरेट हा १९६१ चा अजिंक्यवीर. पण चाहते वेगळे आणि सभा वेगळी. आपल्यातल्याच एकाची गोष्ट ऐकतो आहोत असे वाटणारी सभा त्याला शर्यतीच्या मैदानावर मिळणे शक्य नव्हते, आणि त्याच्या स्वतःच्या लोकांपैकी फार थोडे त्या मैदानांकडे फिरकत. ज्या उन्हाळ्यात हा खेळ चालू होता त्याच उन्हाळ्यात, १० जून १९६३ ला, खुद्द डॅनव्हिलमध्ये नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी दांडके आणि पाण्याचे फवारे चालवले. गावाच्या आठवणीत तो दिवस 'रक्ताळलेला सोमवार' म्हणून राहिला आहे. जॅक्सनव्हिलची शर्यत त्यानंतर सहा महिन्यांच्या आत झाली, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला तेव्हा नऊ दिवस झाले होते.

जॅक्सनव्हिलच्या घोळाबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या काळी फेऱ्या हाताने मोजत. प्रत्येक गाडीमागे एक मोजणारा बसे आणि कागदावर खुणा करी. चुका सर्रास होत. १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० चा निकाल नक्की व्हायला तीन दिवस लागले होते, आणि त्यात दोन्ही स्पर्धक गोरे होते. तेव्हा जॅक्सनव्हिललाही साधी चूकच झाली नसेल कशावरून? माझे म्हणणे असे की त्या संध्याकाळी मोजणाऱ्याच्या मनात काय होते, याचा निवाडा आज आपल्याला करण्याची गरज नाही. चूक प्रामाणिक मानली तरी तिच्यानंतरचे वर्तन उरतेच. निकाल बदलला, पैसे दिले, मग चषक का नाही? चषकाची किंमत ती काय! पैसे बंद खोलीत देता येतात, चषक मात्र चारचौघांत द्यावा लागतो. संस्थेने हिशेब चुकता केला, पण सोहळा करणे मात्र तिला जमले नाही. वर्णव्यवस्थेचा असा कारभार आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

आणि तरीही, पुन्हा त्या ४९४ शर्यतींकडे. ग्रँड नॅशनलमध्ये स्कॉट उतरला तो मार्च १९६१ मध्ये, स्पार्टनबर्ग येथे. त्या वेळी त्याचे वय ३९ होते. त्याआधी १९५९ मध्ये व्हर्जिनियाचे राज्य अजिंक्यपद त्याने खालच्या श्रेणीत मिळवले होते. या खेळात चाळिशी हे उतरणीचे वय. जॉन्सन ३५ व्या वर्षी, १९६६ मध्ये, निवृत्त झाला. त्याच १९६६ च्या हंगामात, ४९ शर्यतींच्या अखेरीस, ४५ वर्षांचा स्कॉट गुणतक्त्यात सहावा होता. १९६७ मध्ये तो दहावा आला, आणि १९६८ व १९६९ ही दोन्ही वर्षे नववा.

हे कसे घडले याचे तंत्र रंजक आहे आणि कोणत्याही चित्रपटात नीट येणे कठीण आहे. या खेळात त्या काळी दोन जाती होत्या (शब्द जाणूनबुजून वापरतो आहे): ज्यांना फोर्ड किंवा क्रायस्लरसारख्या कारखान्यांचा पैसा, इंजिने आणि माणसे मिळत, आणि जे आपले आपण धावत. दुसऱ्या वर्गात गोरेही पुष्कळ होते. पण त्यांच्यापैकी एखाद्याला, चांगला धावला तर, आज ना उद्या कारखान्याचे बोलावणे येण्याची आशा होती. स्कॉटला ती नव्हती. वापरलेली गाडी, वापरलेले इंजिन, दुसऱ्यांनी टाकलेले टायर. पिटमध्ये मुलगे आणि मित्र. आठवडाभर गॅरेजचे काम, मग रात्रभर गाडी ओढत शेकडो मैलांवरच्या गावी जाणे, जेथे हॉटेलात जागा मिळेल याची शाश्वती नाही. आणि इंजिन फुटले तर पुढच्या शर्यतीचा प्रश्न. अशा चालकाने जिंकण्यासाठी गाडी ताणणे हा वेडेपणा ठरतो. त्याने शेवटपर्यंत पोहोचायचे असते. कोणते वळण सोडून द्यायचे, कोणाला मुकाट पुढे जाऊ द्यायचे, इंजिनाचा आवाज किती बदलला की पाय उचलायचा, हे सर्व क्षणाक्षणाला ठरवावे लागते. १४७ वेळा पहिल्या दहांत आणि २० वेळा पहिल्या पाचांत, या आकड्यांमागे ही काटकसर आहे. वेगाच्या खेळात संयमावर घर चालवणारा माणूस! ही खरी कादंबरीची सामग्री आहे, आणि ती लिहिणाऱ्याला बक्षीस समारंभाची मदत घेता येणार नाही.

याखेरीज त्याला मुद्दाम धडकवणारे होते, दरवाजे बंद करणारेही होते. साउथ कॅरोलायनातील डार्लिंग्टनचा प्रतिष्ठित मार्ग त्याला सुरुवातीची काही वर्षे बंदच होता. दुसरीकडे, स्कॉटने पुढे सांगितलेली एक हकीकत अशी: १९५४ मध्ये एका आयोजकाने गोऱ्या चालकांना पेट्रोलचे पैसे दिले आणि त्याला नाकारले, तेव्हा त्याने थेट बिल फ्रान्सला गाठले. फ्रान्सने स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले आणि नॅस्कार त्याच्याशी भेदभाव करणार नाही असे आश्वासन दिले. हाच फ्रान्स १९७२ मध्ये जॉर्ज वॉलेस या कडव्या विभक्ततावादी म्हणून गाजलेल्या नेत्याच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात होता. या दोन फ्रान्सांपैकी खरा कोणता असे विचारण्यात अर्थ नाही. खलनायकाची सोय न करता अन्याय कसा चालतो, हे स्कॉटच्या आयुष्यातून दिसते, आणि म्हणूनच ते आयुष्य चित्रपटाच्या साच्यात बसत नाही.

तरी ते बसवण्यात आलेच. १९७७ मध्ये 'ग्रीज्ड लाइटनिंग' आला; दिग्दर्शक मायकेल शुल्ट्झ, स्कॉटच्या भूमिकेत रिचर्ड प्रायर, पत्नीच्या भूमिकेत पॅम ग्रिअर. प्रायर हा विलक्षण ताकदीचा विनोदी नट, आणि येथे तो चकित करण्याइतका आवरून काम करतो. चित्रपट पाहायला बरा आहे. पण तो संपतो विजयाने, जल्लोषात, आणि तेथे माझी तक्रार आहे. स्कॉट तेव्हा हयात होता, कर्जात होता, आणि चार वर्षांपूर्वीच्या अपघाताने त्याची कारकीर्द संपलेली होती. पडद्यावर जे दिले ते त्याला प्रत्यक्षात नाकारले गेले होते. असे वाढून दिलेले यश म्हणजे नाकारणाऱ्यांनाच दिलेली सूट. प्रेक्षक समाधानाने घरी जातो. जॉन्सनवरील वुल्फच्या लेखावरून १९७३ मध्ये जेफ ब्रिजेसचा चित्रपट निघाला होता, त्यातही नावे आणि घटना बदलल्या होत्या, पण तेथे बदलाने काही बिघडत नाही, कारण मूळ आयुष्यच विजयाच्या आकाराचे होते.

मराठी वाचकाला या साच्याचा संशय यावा यासाठी वेगळे प्रशिक्षण लागू नये. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याची ओळख मराठीत करून दिली, दलित पँथरने १९७२ मध्ये नावच त्या चळवळीकडून घेतले, आणि त्याच सुमारापासून आलेल्या आत्मकथनांनी यशोगाथेच्या आकाराबाहेरचे आयुष्य कसे वाचायचे ते आपल्याला शिकवले. पण खेळाडूचे चरित्र हाती आले की हे सर्व शिक्षण आपण बाजूला ठेवतो आणि पदकांची यादी शोधू लागतो. साहित्याच्या वर्गात खेळाडूची चरित्रे क्वचितच घेतली जातात त्याचे कारणही मला हेच वाटते. आपण त्यांना प्रेरणादायी वाङ्मयाच्या कप्प्यात आधीच टाकलेले असते. स्कॉटवर ब्रायन डोनोव्हन या पत्रकाराने लिहिलेले 'हार्ड ड्रायव्हिंग' हे चरित्र २००८ मध्ये आले. स्कॉटशी त्याच्या अखेरच्या काळात घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखतींवर ते उभे आहे. वुल्फच्या गद्याची झळाळी त्यात नाही. पैशाचे हिशेब, गाड्यांचे सुटे भाग, कोणी काय उसने दिले, यांची नोंद डोनोव्हन चिकाटीने करत जातो, आणि माझ्या मते या विषयाला हीच शैली योग्य आहे. विद्यार्थ्यांनी वुल्फचा लेख आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. शैली कोणाच्या आयुष्याला परवडते, हा प्रश्न तेथे आपोआप उभा राहतो.

कोणी म्हणेल, जॅक्सनव्हिलचा दिवस नसता तर हे पुस्तकही झाले नसते आणि हा लेखही. खरे आहे. चषकाचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही; कुटुंबाने त्याचा पाठपुरावा पिढीभर केला. २०१० मध्ये जॅक्सनव्हिलच्या एका संस्थेने त्यांना प्रतिकृती दिली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये डेटोना येथे नॅस्कारने स्वतः चषक दिला, स्कॉटच्या मृत्यूनंतर तीस वर्षांहून अधिक काळाने. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात टॅलाडेगा येथे बब्बा वॉलेस जिंकला, तेव्हा या श्रेणीत कृष्णवर्णीय चालकाने शर्यत जिंकण्याची ही दुसरी वेळ ठरली. मधे जवळपास ५८ वर्षे गेली होती. २०१५ मध्ये नॅस्कारच्या मानकऱ्यांच्या दालनात स्कॉटचा समावेश झाला होताच. हे सर्व योग्यच झाले. पण प्रत्येक सोहळ्यात पुन्हा तो एकच दिवस सांगितला गेला, जणू त्या माणसाने बारा-तेरा वर्षे चषकाची वाट पाहण्यात घालवली.

त्याच टॅलाडेगाला स्कॉटची कारकीर्द मोडली. मे १९७३. तो ५१ वर्षांचा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याकडे जिंकण्याजोगी गाडी असावी म्हणून कर्ज काढून त्याने एक चांगली मर्क्युरी घेतली होती. सुरुवातीच्याच फेऱ्यांत वीसेक गाड्यांचा भीषण अपघात झाला आणि स्कॉट त्यात सापडला. बरगड्या, कंबरेचे हाड, गुडघे, पाय. मर्क्युरी गेली, कर्ज राहिले. एवढ्यावर बहुतेक लेख थांबतात आणि १९९० च्या डिसेंबरातील त्याच्या मृत्यूकडे वळतात. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो शार्लटला आणखी एकदा गाडीत बसला, पूर्ण शर्यतभर ती सांभाळून नेली आणि बारावा आला. नंतर तो डॅनव्हिलला परतला आणि गॅरेजच्या कामाला लागला.